बाई, इथे दुप्पट कसं?

मी इतिहासाची शिक्षिका. इतिहास आणि मराठी. बी.ए. मराठी माध्यमातून झालं, मग बी.एड., आणि पुढची तीसेक वर्षं तालुक्याच्या गावी मुलांना पानिपतापासून दुसऱ्या महायुद्धापर्यंत आणि संधी-समासांपासून वृत्त-अलंकारांपर्यंत शिकवत राहिले. विज्ञानाशी माझा संबंध जुन्या अकरावीला, म्हणजे तेव्हाच्या एस.एस.सी.ला, जो संपला तो संपलाच. तेव्हा आज या पानावर विजेची गोष्ट कशी, असं तुम्हाला वाटेल. पण ही गोष्ट माझीही आहे, आणि सांगायची राहून गेलेली आहे. जरा धीर धरा.

१९८४ साल असेल. आमच्या शाळेला जोडूनच ज्युनिअर कॉलेज होतं. बारावी सायन्सचे फिजिक्सचे सर रजेवर होते आणि तो ऑफ तास माझ्या वाट्याला आला होता. ऑफ तासाला आम्ही शिक्षक काय करतो हे सर्वांना माहीत आहे. मी सहामाहीचे पेपर तपासत बसले होते. मागच्या बाकावरचा एक मुलगा वही घेऊन टेबलापाशी आला. दहावीपर्यंत मराठीतून शिकलेला, अकरावीपासून एकदम इंग्रजी पुस्तकांत पडलेला, अशांपैकी एक. वहीत त्याने दोन सूत्रं एकाखाली एक लिहिली होती.

"बाई, हे बघा ना. विद्युतभाराचा एक पातळ सपाट थर असला, तर त्याच्या जवळचं क्षेत्र सिग्मा भागिले दोन एप्सिलॉन शून्य. आणि धातूच्या वस्तूवर भार असला, तर तिच्या अगदी जवळचं क्षेत्र सिग्मा भागिले एप्सिलॉन शून्य. दर चौरस मीटरला भार तेवढाच. मग इथे दुप्पट कसं?"

मला त्यातलं काही कळलं नाही. सिग्मा म्हणजे काय हेही ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, "पुस्तकात दिलंय ना तसं? मग तसंच लिहायचं. उगाच फाटे फोडू नकोस." पुढच्या बाकांवर हशा पिकला. तो वही मिटून जागेवर गेला. वर्षभरात त्याने मला पुन्हा काही विचारलं नाही. इतिहासातलंही नाही, आणि ते मात्र मला सांगता आलं असतं.

"मला माहीत नाही," एवढंच म्हणायचं होतं. पण हातात लाल पेन आणि समोर साठ मुलं असली की हे तीन शब्द घशाखाली अडकतात. शिक्षकी पेशातल्या कुणालाही विचारा.

असो. गेल्या वर्षी नात बारावीला होती. संध्याकाळी माझ्या खोलीत मोठ्याने वाचत बसायची सवय तिला. एक दिवस तीच दोन सूत्रं कानावर आली आणि चाळीस वर्षांपूर्वीचा तो वर्ग डोळ्यांपुढे उभा राहिला. मी तिला त्या मुलाचाच प्रश्न विचारला. ती म्हणाली, "आजी, गॉसच्या नियमाने येतं ते. पृष्ठभागावर एक छोटी डबी कल्पायची. सपाट थर असला तर क्षेत्र डबीच्या दोन्ही तोंडांतून बाहेर पडतं, म्हणून खाली दोन येतात. धातूच्या आत क्षेत्र शून्य, म्हणून एकाच तोंडातून सगळं बाहेर पडतं. झालं दुप्पट."

गणित बरोबर होतं. पण मी पडले इतिहासवाली. मी म्हटलं, "हिशेब जमला गं. पण तेवढ्याच भारातून दुप्पट जोर आला कुठून? वरचा अर्धा कुणी दिला?" ती क्षणभर थांबली आणि सहज म्हणाली, "माहीत नाही आजी. शोधू या."

किती सहज म्हणाली! तिथून आमचं वाचन सुरू झालं. ती गणिताच्या बाजूने आणि मी माझ्या नेहमीच्या वाटेने, म्हणजे आधी कोण, मग कुठे, मग केव्हा.

सुरुवातीला दोन शब्द स्पष्ट करते, माझ्यासारख्या वाचकांसाठी. धातूच्या वस्तूला विद्युतभार दिला तर तो वस्तूच्या पृष्ठभागावर पसरतो. दर चौरस मीटरवर किती भार बसला, ती 'पृष्ठीय भारघनता'. हीच ती सिग्मा. आणि त्या वस्तूजवळ एक एकक भार आणून ठेवला तर त्याच्यावर किती जोर पडेल, ती 'क्षेत्राची तीव्रता'. सूत्र एवढंच सांगतं की धातूला अगदी लागून असलेल्या जागी तीव्रता किती, हे तिथल्या भारघनतेवरूनच कळतं. वस्तू गोल असो, लांबट असो, वेडीवाकडी असो. एप्सिलॉन शून्य ही निसर्गाने दिलेली एक ठरावीक संख्या आहे. सूत्र वहीत एका ओळीत मावतं. ते माणसांच्या हाती यायला मात्र पंच्याहत्तरएक वर्षं लागली.

त्या वर्षांची सुरुवात मला एका पत्रात सापडली. १७५५ सालच्या मार्च महिन्यात बेंजामिन फ्रँकलिनने दक्षिण कॅरोलायनातल्या चार्ल्सटन गावच्या जॉन लायनिंग नावाच्या डॉक्टरला एक लांबलचक पत्र लिहिलं. पतंगाच्या प्रयोगामुळे फ्रँकलिन तोवर युरोपभर गाजला होता. पत्रात त्याने एक साधा प्रयोग सांगितला आहे. चांदीचा प्याला विद्युतरोधक बैठकीवर ठेवून त्याला भार दिला. रेशमी दोऱ्याला बांधलेला बुचाचा गोळा बाहेरून जवळ नेला की तो प्याल्याकडे ओढला जाई. तोच गोळा प्याल्याच्या आत सोडला तर कुठल्याच बाजूला ओढला जात नसे. तळाला टेकवून बाहेर काढला तरी त्याच्यावर भाराचा मागमूस नाही.

असं का, हे लायनिंगला हवं होतं. फ्रँकलिनने सरळ लिहून टाकलं की कारण मला ठाऊक नाही. तुम्हाला सापडलं तर कृपा करून मलाही कळवा. एवढ्यावर न थांबता तो पुढे म्हणतो की आपलं अज्ञान मोकळेपणाने कबूल करणं ही अडचणीतून सुटण्याची सोपी वाट तर आहेच, पण काही नवं कळण्याचीही तीच जास्त खात्रीची वाट आहे, म्हणून मी तीच धरतो. सर्वज्ञ असल्याचा आव आणणाऱ्यांना कुणी काही सांगायला जात नाही आणि ते बिचारे तसेच राहतात.

मी हे वाचलं आणि चष्मा काढून ठेवला. अडीचशेहून अधिक वर्षांपूर्वी लिहिलेलं पत्र, आणि जणू पत्ता माझ्याच वर्गाचा.

फ्रँकलिनचा हा 'माहीत नाही' वाया गेला नाही. पुढे लंडनला असताना त्याची ओळख जोसेफ प्रीस्टली नावाच्या तरुण धर्मोपदेशकाशी झाली. हा प्रीस्टली वॉरिंग्टन इथल्या अकादमीत शिक्षक होता, आणि शिकवायचा काय? तर भाषा आणि साहित्य. इतिहासाची त्याला मोठी आवड. (मला तो लगेच आपल्यातला वाटू लागला, हे वेगळं सांगायला नको.) विजेवर आजवर कुणीकुणी काय काय शोधलं याचा इतिहास लिहावा असं त्याच्या मनात आलं. फ्रँकलिनने पुस्तकं आणि माहिती पुरवली, शिवाय प्याल्याचा प्रयोगही पुन्हा करून पाहायला सांगितलं.

१७६६ सालच्या डिसेंबरात प्रीस्टलीने तो केला. चांदीचा प्याला त्याच्याजवळ नसावा, त्याने पत्र्याचं भांडं घेतलं. काचेच्या काडीला बांधलेल्या भेंडाच्या गोळ्या आत सोडल्या. फ्रँकलिनला दिसलं तेच त्याला दिसलं. मग त्याला न्यूटन आठवला. न्यूटनने सिद्ध केलं होतं की पृथ्वी पोकळ गोळा असती, तर आतल्या वस्तूवर तिचं ओढणं कुठल्याच बाजूला उरलं नसतं, कारण गुरुत्वाकर्षण अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतं. मग भांड्याच्या आत विजेचंही ओढणं उरत नसेल, तर विजेचा नियमही तोच नसेल का? १७६७ साली छापलेल्या आपल्या इतिहासाच्या शेवटाकडे त्याने हा प्रश्न मांडून ठेवला. मोजमाप नव्हतं, भांडंही चारी बाजूंनी बंद नव्हतं. अंदाजच होता, पण खरा निघाला. विद्युतशास्त्राचा पायाभूत नियम पहिल्यांदा असा छापला गेला, तो एका इतिहासाच्या पुस्तकात! हे पुस्तक इंटरनेटवर बघायला मिळतं. जुन्या छपाईत 'एस' हे अक्षर 'एफ'सारखं दिसतं, त्यामुळे सुरुवातीला वाचणाऱ्याची भंबेरी उडते, पण चार पानांनंतर डोळ्यांना सवय होते.

यानंतरचा माणूस अगदी उलट्या स्वभावाचा. हेन्री कॅव्हेंडिश. अफाट श्रीमंत आणि विलक्षण बुजरा. १७७३च्या सुमारास त्याने धातूचा मुलामा दिलेला एक गोळा घेतला, सुमारे बारा इंच व्यासाचा. त्याभोवती पुठ्ठ्याचे, वर्ख लावलेले दोन अर्धगोल बसवले. बाहेरच्या गोळ्याला भार दिला. आतला गोळा तारेने बाहेरच्याला जोडलेला होता. मग तार काढली, अर्धगोल उघडले आणि आतल्या गोळ्यावर काही भार राहिलाय का ते तपासलं. काही सापडलं नाही. त्यावरून त्याने हिशेब केला की अंतराचा घात दोनच असला पाहिजे. फरक असलाच तर पन्नासाव्या भागापेक्षा कमी. एवढं मोठं काम केलं आणि वहीत ठेवून दिलं. कुणाला सांगितलंच नाही. १८७९ साली मॅक्सवेलने त्या वह्या छापल्या तेव्हा जगाला कळलं. तोवर कॅव्हेंडिशला जाऊन एकोणसत्तर वर्षं झाली होती. फ्रँकलिनला माहीत नव्हतं ते त्याने सांगितलं. याला माहीत होतं ते याने सांगितलं नाही.

त्यामुळे मान गेला फ्रान्सच्या चार्ल्स ऑगस्टिन कूलोमकडे, आणि तोही त्याने कष्टाने मिळवलेला. कूलोम लष्करी इंजिनिअर. तरुणपणीची आठ वर्षं कॅरिबियन समुद्रातल्या मार्टिनिक बेटावर किल्ला बांधण्यात गेली आणि तब्येत कायमची बिघडली. मातीच्या भरावाने भिंतीवर किती दाब येतो, यावरचं त्याचं काम स्थापत्य शिकणारी मुलं आजही शिकतात. अशा माणसाला अदमासाने बोलणं पटत नाही, त्याला मोजायचं असतं. १७८५ साली त्याने बारीक तारेच्या पिळावर चालणारा तराजू वापरून दोन भारांमधला जोर मोजला आणि वर्गाचा नियम पक्का केला. तोच कूलोमचा नियम.

आमच्या गोष्टीला महत्त्वाचं आहे ते त्याचं यापुढचं काम. भार वस्तूच्या अंगात मुरत नाही, पृष्ठभागावरच राहतो, हे त्याने दाखवलं. मग पृष्ठभागावर कुठे किती भार आहे हे मोजायला एक साधी युक्ती काढली. सोनेरी कागदाची लहानशी चकती, तिला लाखेची काडी. चकती पृष्ठभागाला टेकवायची. टेकलेली असेपर्यंत ती त्या पृष्ठभागाचाच भाग बनते आणि तिथला भार घेते. मग अलगद उचलून तराजूपाशी न्यायची आणि मोजायचं. आमची आजी भाताचं एक शीत चेपून सगळा भात शिजलाय का ते सांगायची. इथे एका शितावर भागत नव्हतं, कारण भार सगळीकडे सारखा नसतो. कूलोमने दोन गोळे एकमेकांना टेकवून जागोजागी चकती लावली. जिथे ते टेकतात तिथे भार जवळजवळ नाही, आणि तिथून जसजसं दूर जावं तसतसा वाढत जातो. हे आकडे त्याने १७८० च्या दशकात प्रसिद्ध केले. आपली सिग्मा ती हीच, कागदाच्या चकतीने टिपलेली. फ्रेंच पुस्तकांत आपल्या सूत्राला 'कूलोमचं प्रमेय' म्हणतात.

आकडे हातात होते, पण ते तसेच का येतात ते सांगणारं गणित नव्हतं. कूलोम १८०६ साली वारला. त्यानंतर सहा वर्षांनी, १८१२ मध्ये, सिमिओं दनी प्वासाँ या एकतीस वर्षांच्या गणितज्ञाने पॅरिसच्या विद्वत्सभेपुढे एक मोठा निबंध वाचला. धातूच्या वस्तूवर भार कसा पसरतो याचं गणित त्यात होतं. धातूत भाराला हालचालीची मोकळीक असते. आत कुठेही जोर उरला असेल तर भार सरकेल, आणि कुठेच जोर उरत नाही तोवर सरकत राहील. म्हणजे सगळं स्थिर झालं की आतलं क्षेत्र शून्य. जत्रेत देवळाच्या आवारात गर्दी ढकलाढकली करत सरकत राहते आणि शेवटी कडेच्या भिंतींना टेकून थांबते, तसं काहीसं. एवढी एक अट धरून प्वासाँने टेकलेल्या दोन गोळ्यांचं गणित सोडवलं, आणि उत्तरं कूलोमच्या जुन्या आकड्यांशी जुळली. ते पाहायला कूलोम नव्हता, याची मला चुटपुट लागली.

याच निबंधात आमच्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर आहे. धातूला लागून असलेलं क्षेत्र भारघनतेच्या प्रमाणात असतं, हे दाखवताना प्वासाँ एक छोटा युक्तिवाद देतो आणि तो आपल्याला लाप्लासने सांगितला हेही प्रामाणिकपणे नमूद करतो. लाप्लास तेव्हा त्रेसष्ट वर्षांचा, युरोपातला नामांकित गणिती. आणि युक्तिवाद कसा? तर कुंकवाच्या टिकलीएवढा.

तोच माझ्या शब्दांत सांगते. भारलेल्या धातूच्या गोळ्यावर मनाने एक टिकली आखा. आता गोळ्याचे दोन भाग झाले, एक टिकली आणि एक 'बाकीचा सगळा'. टिकलीच्या अगदी जवळ जाऊन पाहिलं तर ती भाराचा सपाट थरच वाटते. मग तिचं क्षेत्र सपाट थरासारखंच असणार. बाहेरच्या बाजूला बाहेर ढकलणारं, आतल्या बाजूला आत ढकलणारं, आणि दोन्हीकडे सारखंच: सिग्मा भागिले दोन एप्सिलॉन शून्य.

पण धातूच्या आत तर एकूण क्षेत्र शून्य असतं. टिकली आत ढकलते आहे, तरीही बेरीज शून्य. याचा अर्थ 'बाकीचा सगळा' गोळा त्या जागी नेमक्या तेवढ्याच जोराने बाहेरच्या दिशेला ढकलत असला पाहिजे. आता टिकलीच्या आतून बाहेर या, केसभर अंतर. 'बाकीच्या'चा जोर तेवढ्यात बदलत नाही, कारण तो भार दूरवर पसरलेला आहे. टिकलीचा जोर मात्र उलटला. आत ढकलणारी टिकली आता बाहेर ढकलते आहे. आत एकमेकांना मारणारे दोन सारखे जोर बाहेर एकाच दिशेचे झाले. अर्धा आणि अर्धा, एक. दोनाने भागायचं कारणच उरलं नाही.

म्हणजे दुप्पट काही हवेतून आलं नाही. वरचा अर्धा वाटा गोळ्यावरच्या बाकीच्या सगळ्या भाराचा. पुस्तकातल्या सुट्या सपाट थराला असं कुणी बाकीचं नसतं, तो एकटाच. म्हणून त्याच्या वाट्याला अर्धंच.

नातीला हे सांगितलं तेव्हा तिने लगेच पुढचं काढलं. टिकली स्वतः स्वतःला ढकलू शकत नाही, तिला ढकलणार फक्त 'बाकीचा' अर्धा. म्हणून भारलेल्या धातूच्या पृष्ठभागावर बाहेरच्या दिशेने जो ताण येतो, तो मोजताना पुन्हा दोनाने भागावं लागतं. "आजी, हे दोन कुठून आले ते मी पाठ केलं होतं. आता पाठ करायला नको." मला शिक्षकी आयुष्यात मिळालेल्या बक्षिसांत हे वरच्या नंबरचं.

मग तिने मला आकडा काढून दाखवला. कोरडी हवा साधारणपणे दर मीटरला तीस लाख व्होल्टपर्यंतचं क्षेत्र सोसते, त्यापुढे ठिणगी पडते. सूत्रात घातलं की कळतं, हवेत ठेवलेल्या धातूवर दर चौरस मीटरला कूलोमच्या दहा लाखांश भागाचे सत्तावीसएक भाग एवढाच भार टिकू शकतो. इलेक्ट्रॉनच्या हिशेबात म्हणायचं तर पृष्ठभागावरच्या लाखभर अणूंमागे एखादा जास्तीचा इलेक्ट्रॉन. लाखात एक पाहुणा जास्त झाला तरी हवा फाटते! टोकदार जागी भार दाटीने बसतो हे तर कूलोमपासून माहीत होतं. एक मोठा आणि एक त्याच्या दहाव्या भागाच्या त्रिज्येचा, असे दोन गोळे एकमेकांपासून लांब ठेवून तारेने जोडले, तर लहानावरची घनता मोठ्याच्या दहापट भरते, आणि सूत्रानुसार त्याच्याजवळचं क्षेत्रही दहापट. वळवाच्या दिवसांत उंच इमारतींवरच्या तडितरक्षकाची टोकं आता मी वेगळ्या नजरेने बघते.

या गोष्टीत आणखी एक माणूस आहे, त्याला वगळून पुढे जाववत नाही. जॉर्ज ग्रीन, इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमजवळचा. वडिलांचा बेकरीचा धंदा आणि पवनचक्कीवर चालणारी पिठाची गिरणी. शाळेत गेला तो आठव्या-नवव्या वर्षी, जेमतेम वर्षभर. पुढे गिरणी सांभाळत त्याने स्वतःच गणित वाचलं, आणि १८२८ साली वीज आणि चुंबकत्व यांच्या गणितावर एक पुस्तक स्वतःच छापून काढलं. आगाऊ वर्गणीदार एक्कावन्न, किंमत साडेसात शिलिंग. 'पोटेन्शियल' हा शब्द या विषयात त्यानेच आणला. धातूच्या पृष्ठभागाजवळ हा पोटेन्शियल कसा बदलतो त्यावरून तिथली भारघनता किती हे काढण्याचं सूत्र त्यात आहे. मुलाच्या वहीतल्या दुसऱ्या ओळीचंच हे भावंड.

वर्गणीदारांपैकी किती जणांना ते कळलं असेल? मात्र त्यांतले सर एडवर्ड ब्रॉमहेड हे गणित जाणणारे गृहस्थ होते. त्यांच्या प्रोत्साहनाने ग्रीन चाळिशीत केंब्रिजला विद्यार्थी म्हणून गेला आणि १८३७ साली गणिताच्या परीक्षेत चौथा आला. १८४१ मध्ये तो वारला, तेव्हाही ते पुस्तक जवळजवळ अज्ञात होतं. १८४५ मध्ये विल्यम थॉमसन या तरुणाने (पुढे हेच लॉर्ड केल्विन झाले) त्याबद्दल विचारपूस केली, तेव्हा प्रती निघाल्या कुठे? त्याच्याच शिक्षकाच्या, हॉपकिन्स यांच्या, खोलीत! थॉमसनने त्या पॅरिसला नेल्या, तिथले गणिती चकित झाले, आणि १८५० पासून एका जर्मन नियतकालिकात ते पुस्तक पुन्हा छापलं गेलं. १९९३ साली वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये न्यूटनच्या समाधीजवळ ग्रीनच्या नावाची फरशी बसली.

एका शिक्षकाच्या खोलीत एवढं मोठं उत्तर पडून होतं आणि कुणी विचारेपर्यंत ते बाहेर आलं नाही. माझ्या टेबलापाशी तर विचारणारा स्वतः चालत आला होता. फिजिक्सच्या सरांना विचारून सांगते, एवढं म्हणायला मला काय हरकत होती? लाप्लासच्या युक्तिवादात भाषेबाहेरचं काही नाही. 'आत' आणि 'बाहेर', 'टिकली' आणि 'बाकीचं'. मराठीच्या बाईंना हे मराठीत सांगता आलं असतं. आधी स्वतः समजून घ्यावं लागलं असतं, इतकंच.

तो मुलगा आता साठीच्या जवळ आला असेल. पुढे त्याचं काय झालं मला ठाऊक नाही. नाव आठवतं, पण इथे लिहीत नाही. त्याचा प्रश्न मूर्खपणाचा नव्हता. ज्या प्रश्नाला लाप्लाससारख्याने विचार करून उत्तर शोधलं, तो गावच्या शाळेत मागच्या बाकावर बसणाऱ्या मुलाला आपणहून पडला होता. त्या दिवशी हसणाऱ्या वर्गाला आणि हसू देणाऱ्या बाईंना ते कळलं नाही.

बाळा, चुकून हे वाचलंस तर ऐक. अर्धा वाटा टिकलीचा आणि अर्धा बाकीच्या सगळ्यांचा. म्हणून दुप्पट. उत्तर द्यायला चाळीस वर्षं उशीर झाला, आणि तेव्हा तुला गप्प बसवलं, याबद्दल बाईंना माफ कर.

असो. नात आता इंजिनिअरिंगला गेली आहे. दर रविवारी फोन करते आणि मला अजून न कळलेलं काहीतरी सांगते. मी विचारते, "म्हणजे काय गं?" कधी तिला येतं, कधी नाही येत. नाही आलं की ती म्हणते, "माहीत नाही आजी, बघून सांगते." मी वाट बघते.